मुआयनेवाले साहेब

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये नोकरीचा श्रीगणेशा करून जयपूरच्या सिविल लाइंसमध्ये सेवानिवृत्तीचा हार गळ्यात पडलेल्या, आणि पुढे ‘हवा मानवली’ या सबबीवर तिथेच मुक्काम ठोकलेल्या मराठी हिशेबतपासनिसांची एक स्वतंत्र जात आहे. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या निवासस्थानांचा शेजार लाभल्यामुळे म्हणा, किंवा हयातभर दुसऱ्यांच्या खर्चावर हरकती घेतल्यामुळे म्हणा, या गृहस्थांना कोणतेही काम पुरे झालेले पाहवत नाही. आणि या स्वभावाला खरा बहर येतो तो दसऱ्याच्या सुमारास, जुन्या बंगल्याच्या बैठकीतला रंग पोपडे धरून सतरंजीवर गळू लागतो तेव्हा.

सामान्य माणूस अशा वेळी रंगाची छटा निवडतो; साहेब भिंतीची चौकशी मांडतात. चष्मा कपाळावर चढवून, बोटे मुडपून, क्षयरोग्याची छाती ठोकून पाहणाऱ्या जुन्या डॉक्टराच्या गांभीर्याने ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टकटक करीत जातात. आवाज भरीव आला की त्यांचा चेहरा किंचित उतरतो, आणि पोकळ आला की तिथे खडूची फुली पडते. मग चिकटपट्टी दाबून बसवायची आणि हिसक्याने ओढायची. तिच्या पाठीला लागून आलेला पोपडा खिडकीच्या उजेडात धरून साहेब त्याची वंशावळ वाचतात: वरती पिस्ता इमल्शन, त्याखाली बदामी ऑइलपेंट, त्याखाली निळसर डिस्टेंपर आणि तळाशी मूळपुरुष चुना. “चुन्यावर ऑइलपेंट फासणाऱ्या इसमाचे पेन्शन रोखले पाहिजे,” असा शेरा उमटतो. शेरा रास्तच असतो, कारण चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. तिच्यावर तेलाचा पापुद्रा चढला की ओलीची वाट बंद होते, आणि भिंतीतले क्षार त्या पापुद्र्यामागे फुलून त्याला बाहेर ढकलतात. साहेबांचे ज्ञान खोटे नसते. कुटुंबाची खरी पंचाईत तीच आहे.

पुताईचा मिस्त्री पत्रा घेऊन खरवडायला सरसावला, की पहिली हरकत निघते. कोरडे खरवडायचे नाही, आधी पाणी शिंपडा! जुन्या तैलरंगात शिसे असते, त्याची धूळ उडून नातवंडांच्या पोटात जाते; २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे असा केंद्राचा नियम अंमलात आला खरा, परंतु प्रस्तुत भिंत त्या नियमाच्या पुष्कळ आधीची, सबब पाणी. पाणी मारले म्हणजे भिंत ओली. ओल्या भिंतीवर लांबी भरणे गैर. ती सुकेपर्यंत काम तहकूब. सुकल्यावर लांबी भरतात, पॉलिश पेपराने घासतात, आणि मग साहेब रात्री दिवे मालवून, हातातला बल्ब भिंतीला अगदी लगटून तिरपा धरतात. दिवसा आरशासारख्या वाटणाऱ्या त्या भिंतीवर अरवलीच्या रांगा उभ्या राहतात, आणि खडू पुन्हा हातात येतो.

मिस्त्रीने चुळबूळ केलीच, तर त्याच्याच गावचा दाखला त्याच्यापुढे ठेवला जातो. ज्या जयपुरात आराइशीचा चुना महिनोन्महिने पाण्यात मुरवून, संगमरवराच्या भुकटीत कालवून, अकीकाच्या दगडाने घोटून घोटून भिंतींना हस्तिदंताची झळाळी आणली, त्या जयपुरात घाईची भाषा? १८७६ साली ब्रिटिश युवराजांच्या स्वागतासाठी सवाई रामसिंहांनी शहराला गुलाबी रंग दिला, हे मात्र साहेबांच्या लेखी फारसे भूषणावह नाही. पाहुणा वेशीवर येऊन ठेपला असता खालचे पोपडे नीट निघाले असतील, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मिस्त्री बिडी विझवतो आणि अदबीने विचारतो, “हुकम, दीवार तो तैयार है, आप कब तैयार होंगे?”

दिवाळी येते. बैठकीची भिंत खडूच्या फुल्या आणि लांबीचे पांढरे डाग मिरवीत तशीच उभी असते, वहिनी तिच्यावर सांगानेरी छापाची चादर टांगतात आणि फराळाला आलेल्या मंडळींना सांगतात, “यंदा तयारी चालू आहे.” हेच वाक्य गेल्या दिवाळीलाही ऐकल्याचे मंडळी सौजन्याने विसरतात.

अखेर वहिनींनी वेगळा मार्ग पत्करला. साहेब पुतणीच्या लग्नाला पुण्यास गेले, त्या आठवड्यात त्यांनी मिस्त्रीला बोलावून स्वयंपाकघर आणि बैठक दोन्ही उरकून घेतली. वाखाणण्यासारखी गोष्ट ही, की त्याने साहेबांच्या तालमीत शिकलेले एकही पाऊल गाळले नाही. परत आल्यावर साहेबांनी हातातली बॅगही खाली न ठेवता भिंतीवर टकटक केली. भरीव. पुन्हा केली. भरीवच. बल्ब तिरपा धरला. अरवली भुईसपाट झालेली. त्या संध्याकाळी त्यांना चहा गोड लागला नाही. रात्री उशिरा मात्र बैठकीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बऱ्याच दिवसांनी उत्साहाने भरलेली हाक:

“अहो, जरा खडू आणता का? छताकडे आपलं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं!”