विज्ञान सप्ताह आणि बुडणारा हापूस

बालवाडीच्या उन्हाळी शिबिरात पूर्वी कागदाची होडी, मातीचे लाडू आणि शेवटी खाऊ एवढाच कार्यक्रम असायचा. आता दर आठवड्याला विषय असतो. आमची नात वय वर्षं साडेचार, आणि तिच्या वाट्याला मेच्या पहिल्या आठवड्यात विज्ञान आलं. रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सामानाची यादी उतरली : व्हिनेगर, खाण्याचा सोडा, फुगे, पांढरा कोट आणि लाल कोबी.

कोटाचा प्रश्न नव्हता. मुलाच्या जुन्या शर्टाच्या बाह्या कापल्या की शास्त्रज्ञ तयार होतो. कोबीने मात्र घाम काढला. सावंतवाडीच्या बाजारात मी चार ठिकाणी ‘लाल कोबी आहे का’ विचारलं, तेव्हा एका भाजीवालीने मला न्याहाळून सांगितलं, “हिरवो व्हयो तर घेवा. रंग घराक जावन मारा.”

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, “कोबीचं करायचंय काय?” मी शिबिराचा कागद वाचून दाखवला : कोबीच्या पाण्याचा रंग आंबट पदार्थात लाल होतो, सोड्यात निळा-हिरवा होतो. “मग कोबी कित्याक? बरणीत आगळ आहे की,” ती म्हणाली. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस; मे महिन्यात कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं मिठात पडलेली असतात. लाल कोबीचा रंग आणि कोकमाचा रंग एकाच कुळातले, दोघेही अँथोसायनिन घराण्यातले. एक महागडा पाहुणा, एक घरचा.

गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढणाऱ्या ताराबाई मोडकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. माँटेसरीबाईंची साधनं सुरेख, पण गरीब गावाच्या खिशाला न परवडणारी. म्हणून १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पानं यांवर बालवाड्या चालवल्या. ताराबाईंना लाल कोबी शोधत हिंडावं लागलं नाही. अर्थात त्या काळी व्हॉट्सॲप गटही नव्हता.

तर सोमवारी ज्वालामुखी झाला. बाटलीभोवती लाल मातीचा डोंगर, आत सोडा, वरून आगळ. फसफस करत लाल फेस आला, डोंगरावरून उतरला आणि पाहता पाहता शेवाळी काळा पडला. टीचर सांगत होत्या की आपला सह्याद्री असाच झाला. ते खरंच आहे : आंबोलीचा घाट ज्या काळ्या पाषाणावरून चढतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, फक्त त्यात सोडा नव्हता. पण मुलांचं लक्ष कोट्यवधी वर्षांकडे नव्हतं. एक चिरंजीव पुढे झाले, वास घेतला आणि म्हणाले, “टीचर, हेच्यात नारळाचो रस घाला, मगे पियाक येतली.”

मंगळवारचा फुग्याचा प्रयोग फसला. फुगा केसांवर घासायचा, मग तो भिंतीला चिकटतो. पुण्याच्या भाचीकडे चिकटला म्हणे. सावंतवाडीत मे महिन्यात हवेतच इतकं पाणी असतं की फुग्यावर जमलेली वीज दमट हवेने भिजलेल्या पृष्ठभागावरून निसटून जाते. शिवाय प्रत्येक डोक्यावर आईने सकाळीच चोपडलेलं खोबरेल. फुगे केसांवरून घसरले, तेवढं मात्र सुंदर घसरले.

बुधवारी सावली नाहीशी करायची होती. आपलं गाव साधारण सोळा अंश उत्तरेला. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामधल्या गावांना वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर मिळतो. आपल्याकडे तो ४ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास येतो. दुसरी संधी ऑगस्टमध्ये, पण तेव्हा बहुतेकदा सूर्यच दिसत नाही, सावली कसली पाहणार? दिल्लीकरांच्या नशिबी हा प्रसंग कधीच नसतो. त्यांच्याकडे बाकी सगळं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पण भरदुपारी मुलांना उघड्यावर नेणार म्हटल्यावर आज्यांची फळी उभी राहिली. बाराची वेळ देवचाराची! त्यात सावली नसणं म्हणजे तर सरळसरळ भुताची खूण. शेवटी टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि काही पिशव्यांत गुपचूप ठेवलेला अंगारा, अशी सोय करून पाच मिनिटांपुरती परवानगी मिळाली. बाटली अंगणात उभी केली. सावली आखडत आखडत तिच्या बुडाखाली शिरली. पोरं गप्प. एका मुलाने एक पाय उचलून खाली पाहिलं, मग दुसरा उचलला, आणि भोकाड पसरलं, “माझी सावली कोणी व्हरली?” त्याला पृथ्वीचा कललेला आस समजावणं टीचरना जमलं नाही. ‘आईकडे गेलीय’ एवढं सांगितल्यावर तो शांत झाला. शास्त्राच्या दृष्टीने उत्तर चूक, पण माझ्या मते त्या क्षणी तेच योग्य होतं.

गुरुवार मात्र माझा आवडता. विषय ‘काय बुडतं, काय तरंगतं’. टबात गावच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि शेजारी खरी. पांगाऱ्याचं हलकं लाकूड. केळं तरंगलं, पेरू तरंगला, लाकडी आंबाही ऐटीत तरंगला. खरा हापूस सोडला, तो तळाला. मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि मी उगाचच मान डोलावली, कारण बागायतदारांना हे चांगलं ठाऊक आहे : तयार झालेला हापूस पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. पाण्याच्या किंचित वर घनता गेली की काढायला हरकत नाही. नातीने कारण दिलं, “तेच्यात रस असा, म्हणून.” यावर कोणी हरकत घेतली नाही. पाठोपाठ सगळे प्रायोगिक आंबे कापण्यात आले आणि निष्कर्ष जागच्या जागी खाल्ला गेला.

त्याचा परिणाम आम्ही संध्याकाळी भोगला. बाजारात आंबेवाल्यासमोर नातीने हट्ट धरला, बालदी आणा, आधी आंबे बुडवून बघायचे. आंबेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, “बायो, आंबो बुडता काय तरंगता तां मी सांगतंय. आजोचे पैशे बुडाक नको म्हंजे झाला.” भाव ऐकल्यावर कळलं की ती भीती रास्त होती.

शिबिर चालवणाऱ्यांना पुढच्या वर्षासाठी नम्र विनंती : यादीत लाल कोबीच्या जागी रातांबे लिहा, फुग्याचा प्रयोग डिसेंबरात ठेवा, आणि हापूस आणायला सांगणार असाल तर आजोबांसाठीही एक जास्त लिहा.