निळा दात आणि सहा आकडे

मोटारीशी फोन बिनतारी जोडण्याच्या क्रियेस ‘पेअरिंग’ म्हणतात, आणि गाडी चालवताना फोन हाती धरणाऱ्यास ब्रिटनमध्ये २०१७पासून २०० पौंड दंड व परवान्यावर सहा गुण (हे गुण मिळवायचे नसून टाळायचे असतात) अशी शिक्षा असल्यामुळे ही क्रिया तेथील मराठी गृहस्थाच्या नित्यकर्मात जमा झाली आहे.

या विधीतील कळीचा क्षण म्हणजे दोन्ही पडद्यांवर उमटणारी सहा आकडी संख्या. पूर्वी पुष्कळ गाड्यांचा परवलीचा अंक ०००० किंवा १२३४ असे, म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवण्याचा प्रकार. २००७च्या सुधारित पद्धतीत मात्र दोन्ही यंत्रे गुपित उघड न करता एक सामाईक किल्ली सिद्ध करतात, आणि अंतरपाटापलीकडे ठरलेलाच वर आहे, मध्ये कोणी तोतया घुसलेला नाही, याची खातरजमा करण्यासाठी माणसाने ते आकडे ताडून पाहायचे असतात. या विषयावर मित्रमंडळींत अधिकारवाणीने बोलणारे प्रस्तुत लेखक स्वतः आकडे न वाचताच ‘होय’ दाबतात. शिवाय शिलालेखांवरील प्रबंधाला पदवी मिळाली त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या फोनचे नाव ‘डॉक्टरसाहेब’ असे ठेवले. जोडणीच्या वेळी ते आसपासच्या यंत्रांनाही दिसते, आणि त्यामुळे एकदा शेजारच्या गाडीतील मराठी आजोबांनी काच खाली करून गुडघेदुखीवर सल्ला विचारला होता.

शिलालेखांचा विषय निघालाच आहे, तर ‘ब्लूटूथ’ म्हणजे ‘निळा दात’ हे दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड याचे टोपणनाव होय, हे सांगितल्यावाचून लेखकास पुढे जाववत नाही. हाराल्डने डेन्मार्क व नॉर्वे एका छत्राखाली आणले, तशी ही यंत्रणा निरनिराळ्या उपकरणांना एकत्र आणील, या कल्पनेने इंटेल कंपनीतील जिम कार्डाक यांनी १९९७मध्ये हे नाव सुचवले, आणि हाराल्डच्या नावाची रून लिपीतील दोन आद्याक्षरे एकमेकांत गुंतवून आजचे बोधचिन्ह बनले. येलिंग येथे हाराल्डने आपला बाप गोर्म व आई थीरा यांच्या स्मरणार्थ जो शिलालेख कोरविला, त्यात डेन्मार्क-नॉर्वे जिंकल्याचा आणि डेन लोकांना ख्रिस्ती केल्याचा डिंडिमही आहे. आईबापांच्या नावाने दगड आणि त्यावर स्वतःची बिरुदे, ही तऱ्हा ‘डॉक्टरसाहेबां’ना परकी वाटू नये. दोन देश जोडणाऱ्या या राजाची पोटच्या पोराशी जोडणी मात्र टिकली नाही: स्वेन बंड करून उठला, हाराल्डला परागंदा व्हावे लागले, त्याच स्वेनने १०१३मध्ये इंग्लंड जिंकले आणि १०१६पासून नातू क्नूट तेथे राज्य करू लागला. तेव्हा इंग्लंडमधील गाडीत ते निळे चिन्ह उजळते, ते आजोबा मागाहून आल्यासारखेच.

सुरक्षेची उरलेली बाजू थोडक्यात आटोपते. भाड्याची गाडी परत करताना आपल्या फोनची नोंद तिच्या यादीतून पुसावी, कारण लंडनच्या प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने २०१७मध्ये अशा गाड्या तपासल्या तेव्हा आधीच्या चालकांच्या खुणा त्यांत तशाच सापडल्या. लेखकांनी ही काळजी घेतली नाही, आणि त्यांच्या फोनमधून गाडीत उतरलेली ‘भाऊकाका (उचलू नये)’ ही नोंद आजही इंग्लंडात कुठेतरी फिरत असेल.

हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे साताऱ्यात रात्री अकराला, गाडीतील यांत्रिक बाई फोनवरील नाव वाचताना ‘ए ए आय’ अशी अक्षरे उच्चारते. आई हा शब्द गेली कित्येक वर्षे असा तुकडे करून ऐकवला जात असल्याची चीड लेखकास आहे. तिला दुरुस्त करण्याची सोय कोणत्याही पडद्यावर सापडत नाही. मुलगा कामावरून सुटेपर्यंत झोप आवरून बसलेल्या आईचा आवाज मग साऱ्या गाडीत भरतो आणि पहिला प्रश्न येतो: “जेवलास का रे?” शेजारी सहकारी बसला असेल तर लेखक ‘होय, व्यवस्थित’ असे ग्रांथिक उत्तर देतात. त्यावर क्षणभर शांतता पसरते, आणि सहा आकड्यांची गरज न लागता पलीकडून विचारणा होते:

“कोण बसलंय रे गाडीत?”