संपादक महोदय, तुम्हालाही एक उत्तेजनार्थ

कोल्हापूर,
३० नोव्हेंबर २०२१

प्रति,
माननीय संपादक महोदय,
'फ्रान्स फुटबॉल', पॅरिस यांस

सा. न. वि. वि.

काल रात्री उशिरापर्यंत जागून आपला सोहळा पाहिला. आधी मनःपूर्वक अभिनंदन करतो, मेस्सीचं नाही, आपलं. मेस्सीचं सहा वेळा करून झालं आहे, सातव्यांदा शब्द सुचत नाहीत. आपलं अशासाठी की, गेल्या वर्षी ज्याच्या ताटातला बॅलन डी'ओर आपण काढून घेतलात, त्याला काल सन्मानानं बोलावलंत, बायकोसह पुढच्या रांगेत बसवलंत, 'स्ट्रायकर ऑफ द इयर' नावाचं आजवर कुणी न ऐकलेलं एक बक्षीस त्याच्या हाती ठेवलंत आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत सोन्याचा चेंडू दुसऱ्याला दिलात. एवढा पाहुणचार आमच्याकडे जावयाचाही होत नाही.

आमच्या शाळांत पहिला, दुसरा, तिसरा झाला की शेवटी 'उत्तेजनार्थ' असायचं. ते रडणाऱ्या पोरासाठी असतं हे रडणाऱ्या पोरालाही कळायचं. रॉबर्ट लेवांडोव्हस्की तेहतीस वर्षांचा बाप्या आहे, दोन मुलींचा बाप आहे. तो हसला, उठला, बक्षीस घेतलं, आभार मानले. मला त्या हसण्याकडे बघवेना.

आता मेस्सीचे ६१३ विरुद्ध त्याचे ५८० या ३३ गुणांवरून मी भांडणार नाही. मेस्सीनं जुलैत मारकानावर ब्राझीलला त्यांच्याच अंगणात हरवून कोपा अमेरिका उचलला, ला लिगात ३० गोल केले, मान्य. पॅरिसला आल्यावर फ्रेंच लीगमधला पहिला गोल त्याला २० नोव्हेंबरला सापडला, म्हणजे सोहळ्याच्या अवघ्या नऊ दिवस आधी. पण असू दे, पॅरिसची हवा नव्या माणसाला जरा उशिराच मानवते. समोरच्या पारड्यात काय होतं? एका बुंडेसलीगा हंगामात ४१ गोल, तेही २९ सामन्यांत. गेर्ड म्युलरचा १९७१-७२चा ४० गोलांचा विक्रम एकोणपन्नास वर्षं कुणाच्या हाताला लागला नव्हता. मार्चमध्ये पोलंडकडून खेळताना गुडघा दुखावला आणि ऐन मोसमात हा माणूस घरी बसला, तरीही.

तो एकेचाळिसावा गोल आठवतो का? २२ मे, मोसमाचा शेवटचा दिवस, ऑग्सबुर्गविरुद्ध. सामना कधीच खिशात होता, बायर्न म्युनिकचे चार झाले होते आणि त्यात लेवांडोव्हस्कीचा एकही नव्हता. समोरचा गोलकीपर गिकिएविच, तोही पोलिश! देशबांधवच आडवा आला होता. नव्वदावं मिनिट लागलं. सानेनं फटका मारला, गिकिएविचनं तो अडवला, पण चेंडू हातून निसटला. लेवांडोव्हस्की तिथं होताच. त्यानं घाई केली नाही, गोलकीपरला बगल दिली आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू ढकलला. आदल्या आठवड्यात चाळिसावा मारला तेव्हा त्यानं जर्सी वर करून आतल्या बनियनवरचा म्युलरचा चेहरा दाखवला होता. म्युलर तेव्हा स्मृतिभ्रंशानं अंथरुणाला खिळलेला होता, ऑगस्टमध्ये गेला. असे प्रसंग आपल्या मासिकात आपण किती छान लिहिता! मत देताना मात्र तुमच्या ज्युरीला ते आठवत नाहीत.

पण मी वर म्हटलं, यंदाचं जाऊ दे. माझं खरं दुखणं २० जुलै २०२० या तारखेचं आहे.

त्या दिवशी आपण जाहीर केलंत की, यंदा बॅलन डी'ओर कुणालाच नाही. १९५६ साली एक्केचाळीस वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला पहिला चेंडू दिल्यापासून हे कधी घडलं नव्हतं. कारण काय दिलंत? अकरा महिन्यांपैकी जेमतेम दोन महिन्यांचाच खेळ नेहमीच्या परिस्थितीत झाला. प्रेक्षक नाहीत, बदली खेळाडू तीनऐवजी पाच, चॅम्पियन्स लीगचे शेवटचे सामने एकाच शहरात आणि एकेकच. तेव्हा तुलना न्याय्य होणार नाही, आणि पुरस्काराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न! १९६८च्या मे महिन्यात तुमच्या पॅरिसच्या रस्त्यांवर फरसबंदीचे दगड उडत होते, सगळा देश संपावर होता. त्या वर्षी जॉर्ज बेस्टला चेंडू बिनबोभाट मिळाला. तेव्हा परिस्थिती नेहमीची होती म्हणायची.

आमच्याकडेही २०२०चा आषाढ आला होता. माणसं घराबाहेर पडू शकत नव्हती, पालखीच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. शेकडो वर्षांची पायी वारी. पण कुणी असं म्हणालं नाही की, यंदा परिस्थिती न्याय्य नाही, सबब एकादशी रद्द. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. पायी नाही तर एसटीनं, पण पोचल्या. १ जुलैला एकादशी झाली आणि विसाव्या दिवशी आपली घोषणा आली. मी ती वाचली आणि वाटलं, यांना कुणी तरी एसटीचं वेळापत्रक पाठवायला हवं होतं.

आणि फुटबॉलनंही तेच केलं होतं ना? मेच्या मध्यावर जर्मनी सुरू झालं. डगआउटमध्ये बदली खेळाडू मास्क लावून अंतर राखून बसलेले, खेळाडूंच्या चाचण्यांवर चाचण्या, स्टँड ओस, इतके की प्रशिक्षकाची शिवीसुद्धा टीव्हीवर स्वच्छ ऐकू येई. बायर्नचा पहिला सामना १७ मेला बर्लिनमध्ये युनियनशी होता. लेवांडोव्हस्कीनं पेनल्टीवर खातं उघडलं आणि मग थांबलाच नाही. तुम्ही घोषणा केलीत तेव्हा लीग आणि कप दोन्ही म्युनिकला पोचले होते. चॅम्पियन्स लीग ऑगस्टमध्ये व्हायची होती. तेवढं तरी बघायचं! निकाल डिसेंबरात द्यायचा, त्याची घाई जुलैत कसली?

मग १४ ऑगस्टला लिस्बन. बार्सिलोना २, बायर्न ८. मैदानात मेस्सी होता, लेवांडोव्हस्कीही होता. तेवीस तारखेला पॅरिस सेंट जर्मेनला हरवून बायर्ननं तिहेरी मुकुट पुरा केला. त्या मोसमात लेवांडोव्हस्कीचे ४७ सामन्यांत ५५ गोल, त्यातले ३४ लीगमध्ये, १५ चॅम्पियन्स लीगमध्ये, ६ कपमध्ये, आणि तिन्हीकडे सर्वाधिक. निवड करायला इतकं सोपं वर्ष मी तरी पाहिलेलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचे समर्थक कुठल्याही प्रश्नावर एकमेकांचं ऐकत नाहीत, पण 'यंदाचा कोण' असं विचारलं असतंत तर दोन्ही स्टँडमधून एकच नाव आलं असतं. जिथं प्रश्नच उरला नव्हता, तिथंच नेमकी आपण परीक्षा रद्द केलीत.

युएफानं त्याला ऑक्टोबरात वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. १७ डिसेंबरला फिफानं. सोहळा पडद्यावरचा होता, पण फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो स्वतः म्युनिकला जाऊन चषक देऊन आले. फिफा! न्याय्यतेच्या बाबतीत कुणी फिफाचा दाखला द्यावा, अशी वेळ आपण आणलीत महाराज. आणि त्याच आठवड्यात, १४ डिसेंबरला, आपण काय केलंत? पत्रकारांचं मतदान घेऊन इतिहासातला सर्वोत्तम संघ निवडलात. म्हणजे मतदान घेता येत होतं. पेटी होती, ज्युरी होती, वेळ होता. १९९० साली वारलेल्या याशिनची आणि दोन हजार वीसच्या मेस्सीची तुलना न्याय्य ठरत होती. फक्त जून-जुलैत धावणाऱ्या माणसाची तुलना जून-जुलैत धावणाऱ्या माणसाशी करता येत नव्हती.

बाकी तक्रारी जुन्या आहेत, उरकून टाकतो. २०१०ला इंटरकडून तिन्ही करंडक जिंकून वर्ल्ड कप फायनल खेळलेला स्नायडर पहिल्या तिघांतही बसला नाही. २०१३ला मतदानाची मुदत ऐन वेळी पंधरा दिवसांनी वाढली, मधल्या काळात रोनाल्डोनं स्वीडनमध्ये हॅटट्रिक मारली आणि रिबेरी, जो तुमच्याच देशाचा आहे, बघत राहिला. तेव्हा फिफाशी तुमची भागीदारी होती, म्हणून अर्धा दोष त्यांच्या खात्यावर टाकतो. २०२०ला तर बायकांचा, तरुणांचा, गोलकीपरचा, सगळेच पुरस्कार गुंडाळलेत. गोलकीपर नॉयर बिचारा तुमच्या यादीत आलाच नाही.

इथं जरा उपरोध बाजूला ठेवतो, कारण मला राग आला आहे आणि तो लपवायचं कारण नाही. फुटबॉलपटूच्या आयुष्यात असं वर्ष एकदा येतं. मेस्सी-रोनाल्डोंना दहा-दहा वर्षं आली, ते देवाचे लाडके. बाकीच्यांना एक. हा पोरगा सोळाव्या वर्षी बापाला मुकला. सतराव्या वर्षी लेगिया वॉर्सानं दुखापतीनंतर त्याला काढून टाकलं. मग झनिच प्रुशकोव्ह नावाच्या तिसऱ्या श्रेणीतल्या संघातून त्यानं पुन्हा सुरुवात केली. तिथून पोझनान, डॉर्टमुंड, म्युनिक. बत्तिसावा वाढदिवस आणि चॅम्पियन्स लीगची फायनल यांच्यात दोन दिवसांचं अंतर होतं. पोलंडच्या एकाही खेळाडूला बॅलन डी'ओर मिळालेला नाही. देयना आणि बोनिएक तिसऱ्या क्रमांकावर थांबले. इतकं चालून तो माणूस दाराशी आला आणि तुम्ही आतून कडी लावलीत. हे निर्लज्जपणाचं आहे. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

लिहून थोडा शांत झालो, आणि संपादक महोदय, मग तुमचाच विचार मनात आला. त्या एप्रिलमध्ये तुमच्या सरकारनं सप्टेंबरपर्यंत खेळ बंद करून टाकले होते, फ्रेंच लीग अर्ध्यातच गुंडाळली होती. जर्मनी, स्पेन, इटली, इंग्लंड खेळत होते आणि तुमचे वार्ताहर घरी. स्टॉल बंद, जाहिराती बंद, छापायचं काय हाच प्रश्न. यंदा तर 'फ्रान्स फुटबॉल' साप्ताहिकाचं मासिक झालं. साप्ताहिकाचं मासिक होणं म्हणजे ऑफिसात काय काय होतं, हे मराठी नियतकालिकांत लिहिणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. टेबलं रिकामी होतात, मग एक दिवस चहावाला विचारतो, आता किती कप आणू? त्या बैठकीत कुणी तरी दमून म्हणालं असेल, यंदा जाऊ दे हो, कशाला ती दगदग. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस येतो आणि मला त्याच्यावर ओरडता येत नाही.

पण त्याच्या दमण्याची किंमत लेवांडोव्हस्कीनं का द्यायची, हे काही केल्या उमगत नाही.

आणि काल तुमच्याच मंचावर जे झालं ते तरी ऐकलंत का? मेस्सी चेंडू हातात घेऊन बोलत होता. आधी आई-बाप, बायको-पोरं, संघ, हे नेहमीचं. मग तो समोर बसलेल्या लेवांडोव्हस्कीकडे वळला आणि म्हणाला की, गेल्या वर्षीचा विजेता तूच होतास हे सगळ्यांना ठाऊक आहे, 'फ्रान्स फुटबॉल'नं तुला तो चेंडू द्यावा, तो तुझ्या घरात असायला हवा. टाळ्या पडल्या. ज्याला तुम्ही बक्षीस दिलंत, त्यानंच तुमच्या माइकवरून तुमची चूक वाचून दाखवली. यापुढे मी काय लिहिणार? मेस्सीचं तरी ऐका. सात वेळा त्याला शहाणा ठरवलंत, आठव्यांदा त्याच्या शब्दाला मान द्या. सोनं कमी पडत असेल तर कालच्या 'स्ट्रायकर'च्या बक्षिसात जे काही होतं ते वितळवा. समारंभ नको, सूत्रसंचालक नको. एक खोकं आणि म्युनिकचा पत्ता. पावती त्याच्याकडून घ्या म्हणजे हिशेबाला बरं.

तोवर या पत्रासोबत आपणांस 'संपादक, उत्तेजनार्थ' हा किताब बहाल करीत आहे. स्वीकार व्हावा.

कळावे. लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे.

आपला,
एक वाचक

ता. क. (मार्च २०२२): पत्र लिहिलं, पण टपालात टाकायचं राहून गेलं. आज बातमी वाचली की, यापुढे आपण कॅलेंडर वर्ष न धरता ऑगस्ट ते जुलै असा मोसम धरणार. छान केलंत. हाच हिशेब दोन वर्षं आधी सुचला असता तर ५५ गोल आणि तीन करंडक एकाच रकान्यात बसले असते, मधल्या वर्षाचं निमित्तही उरलं नसतं. त्याच बातमीत असंही आहे की, ज्युरी कमी होणार आणि पुरुषांच्या पुरस्काराचं मत फिफाच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांनाच मिळणार. आमचा भारत शंभराच्या बाहेर आहे. म्हणजे पुढल्या वर्षी जो काही घोळ होईल, त्यात आमच्या देशाचं बोट नसेल. हे मात्र आपण आमच्यावर उपकारच केलेत.