66 टक्के जावई

ऐकलंत का? भुसावळात आजवर पोरं बिघडली ती कबुतरांपायी, फार तर लव्हबर्डपायी. आमचा भाचा पुढे गेला. तो म्हणे अजगर पाळणार, आणि नुसता पाळणार नाही, त्याची पिल्लं काढून विकणार! "माय वं!" म्हणत सौ. वळली आणि तव्यावरची कळण्याची भाकरी करपली.

आपला अजगर नव्हे हो. आपला अजगर, नाग, धामण घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. हा आफ्रिकेतला बॉल पायथन. घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून तोंड आत खुपसतो. बिनविषारी, लाजाळू. रंग मात्र पैठणीला लाजवतील असे, आणि सगळा भाव त्या रंगांना.

भाच्यानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चार चौकोन आखले. "मामी, पिल्लाला रंगाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही अल्बिनोच्या निघाल्या तरच पिल्लू पांढरं-पिवळं, लाल डोळ्यांचं. एकच निघाली तर दिसायला साधं, पण चिठ्ठी पोटात. त्याला हेट म्हणतात."

"मग पांढरा जावई साध्या घरात दिला तर?"

"पिल्लं सगळी साधी. पण झाडून सगळी हेट."

"आणि पांढरं नातवंड कधी दिसायचं?"

इथे भाचा चाचरला. "त्यातली पोरगी... परत बापालाच द्यायची."

शिव शिव! आपल्याकडे सगोत्र निघालं तर पत्रिका परत जाते, आणि इथे हा राजमार्ग! बॉब क्लार्क नावाच्या अमेरिकन सर्पपालकानं 1992 मध्ये पिंजऱ्यातल्या जोडीपासून पहिला अल्बिनो काढला, तेव्हापासून हे वेड वाढतंच आहे. पांढरा बाप आणि हेट पोरगी, तर दर अंड्याला निम्मी आशा. दोघंही हेट, तर चारात एक.

या 'चारात एक'नंच भाच्याला फसवलं, आणि त्याचा दोष मी रावेर-यावलच्या केळीला देतो. कंद लावा नाहीतर टिश्यूचं रोप लावा, केळ आईच्याच वळणावर जाते. बापाचा संबंधच नाही. अशा मुलखात वाढलेला पोरगा चार अंड्यांत एक पांढरं पक्कं धरून बसला. म्हटलं, भो, प्रत्येक अंड्याची सोडत नव्यानं निघते. पाच अंड्यांत एकही पांढरं न निघण्याची शक्यतासुद्धा जवळजवळ चारात एक! रेल्वे कॉलनीत ओळीनं चार मुलगे झालेली घरं काय कमी आहेत?

खरी खमंग गोष्ट पुढेच. दोन हेटच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांत तिघांमागे दोघांच्या पोटात ती चिठ्ठी असते. कोणत्या दोघांच्या, ते बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मग तिन्ही विकायची '66 टक्के हेट' म्हणून! मुलगा 66 टक्के इंजिनिअर आहे असं सांगत कुणी स्थळ आणलं, तर आपण त्याला चहा तरी विचारू का?

सगळेच रंग असे दडून बसत नाहीत. पेस्टलची एक चिठ्ठी असली तरी रूप उजळतं, दोन असल्या तर आणखी. स्पायडर तर एकाच चिठ्ठीत देखणा, पण तीच चिठ्ठी त्याचं डोकं डगमगवते. काहींना धड भक्ष्यही पकडता येत नाही. हे ठाऊक असूनही लोक त्याची पिल्लं काढत राहिले. इथे मात्र मला हसू येत नाही.

उबवणीला 31-32 अंश लागतात, दोनेक महिने. मे महिन्यातल्या आमच्या भुसावळात उबवणी यंत्र कसलं, अंड्यांसाठी कूलर लावावा लागेल! वीजबिल मामाच्या नावावर, हे आलंच.

जनावर आणायचं कुठून, हा प्रश्न सौ.नं शेवटी विचारला. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशानं मुंबई विमानतळावर बिस्किट-केकच्या पाकिटांतून नऊ बॉल पायथन आणले होते. ते पकडले गेले. 2024 च्या नियमांनुसार असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्यानं 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची. पिल्लू जन्मलं, मेलं, दुसऱ्याला दिलं, तरी कळवायचं. सापाला जन्मदाखला!

तेव्हा तुमच्याही घरात असा भाचा उगवलाच, तर आधी नोंदीचा कागद मागा, मग पिल्लाच्या आईबापांचे फोटो. आणि समोरचा 66 टक्के म्हणाला, तर साध्या पिल्लाचाच भाव द्या.