फिल्ड पोस्टिंग : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

एमपीएचचे पहिले वर्ष पार पडले, अभिनंदन. या काळात तुम्ही साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि बसल्या जागी देशाचे आरोग्य सुधारण्याची कला शिकलात. आता संस्था म्हणते, पदवी हवी असेल तर काही आठवडे प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा. घाबरू नका. फिल्ड पोस्टिंगमध्ये कोणी नापास झाल्याचे ऐकिवात नाही. खरी गोम तिथेच आहे, पण ते पुढे.

सुरुवात पत्रापासून. संस्थेचे पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तालुक्याला आणि तालुक्याहून पीएचसीला. पत्र टपालाने जाते आणि तुम्ही एसटीने, त्यामुळे वऱ्हाडाच्या आधी नवरदेव मांडवात, असा प्रकार होतो. दोन झेरॉक्स जवळ ठेवा आणि पोचल्या पोचल्या एकीवर आवक क्रमांक टाकून घ्या. आवक क्रमांक पडेपर्यंत सरकारच्या लेखी तुम्ही अजून घरीच असता.

मेडिकल ऑफिसर मीटिंगला गेलेले असतील. मीटिंगहून आले की व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, असेल. दोन्हींच्या मधल्या फटीत ते म्हणतील, "सिस्टरबरोबर फिरा." सिस्टर लसीकरणाला निघालेल्या असतील, त्या म्हणतील, "आशाताईंबरोबर जा." अशा रीतीने, कोणी काही न ठरवता, तुम्ही बरोबर माणसापाशी पोचता.

जाण्याआधी भिंतीवरचे तक्ते उतरवून घ्या. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० मागे; उपकेंद्राला तेच ५,००० आणि ३,०००. हे तुम्ही परीक्षेत लिहून आलेला आहात. तक्त्यावरची लोकसंख्या वेगळी निघाली तर वाद घालू नका.

मग शीतसाखळी पाहा. आयएलआर म्हणजे लसी ठेवायचा तो पेटीसारखा, झाकण वर उघडणारा फ्रिज. आत तापमान २ ते ८ अंश हवे आणि त्याची नोंद रोज दोनदा व्हायला हवी. वरच्या रजिस्टरात महिनाभर सकाळ-संध्याकाळ चारच अंश दिसले, तर कौतुकाचे शब्द जरा गिळून ठेवा आणि त्या महिन्यात वीज कधी कधी गेली होती ते शिपायाला विचारा. यंत्राची बाजू घ्यायला हरकत नाही, दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ते थंडावा धरून ठेवते. पण थर्मामीटरने दर वेळी एकच आकडा दाखवावा इतके ते आज्ञाधारक नसते. झाकण उघडल्यावर पेंटा आणि टीडी तळाशी पडलेल्या दिसल्या तर सांगा, त्या गोठल्या की वाया जातात. आत कोणाची पाण्याची बाटली दिसली तर मात्र हळू आवाजात सांगा, बाटली बहुधा ज्येष्ठ व्यक्तीची असते.

आता मुख्य काम, कंटेनर सर्वेक्षण. टॉर्च घ्या, आशाताईंच्या मागोमाग घरात शिरा आणि पाणी साठवलेले प्रत्येक भांडे तपासा: रांजण, हौद, बॅरल, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गोठ्यामागचा टायर. टॉर्चचा झोत पडला की एडिस डासाच्या अळ्या वळवळत तळाकडे पळतात. जरा थांबा, श्वास घ्यायला त्या पुन्हा वर येतात आणि डोके खाली, शेपूट वर अशा लटकतात. अॅनोफेलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. हा फरक तुम्ही पुस्तकात वाचलेला असतो, आशाताईंना तो लांबूनच कळतो. पन्नास घरे तपासली आणि दहांत अळ्या सापडल्या तर हाऊस इंडेक्स २०. भांड्यांचा हिशेब केला की कंटेनर इंडेक्स, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. आकडे वहीत छान दिसतात.

इथे नवशिक्याकडून अपेक्षित असते भाषण. "आजी, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. सगळी भांडी रिकामी करून आतून घासायची." शास्त्र अगदी बरोबर आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आजी सगळे ऐकून घेतात आणि म्हणतात, "पोरी, नळ चार दिसांनी येतो. आज रांजण पालथा घातला तर शनवारपर्यंत काय तुझी टॉर्च प्यायची?"

या प्रश्नाला अभ्यासक्रमात गुण नाहीत. म्हणून बहुतेक विद्यार्थी परत येऊन अहवालात 'शिफारशी' या मथळ्याखाली लिहितात: जनजागृतीची गरज आहे. पाणी, कुपोषण, तंबाखू, बाळंतपण, विषय कुठलाही असो, शिफारस तीच. मार्गदर्शक खूश होतात, सही करतात. गावाला काही कळत नाही असे लिहून गावातून बाहेर पडणे हा या पोस्टिंगचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि नापास कोणी होत नाही ते याच मार्गाने.

अवघड मार्ग हवा असेल तर एक कागद घ्या. डाव्या बाजूला वाडीवार नळाचे वेळापत्रक लिहा, उजवीकडे त्याच वाडीचा हाऊस इंडेक्स. नळ दिवसाआड येणारी आळी आणि चार दिवसांनी येणारी आळी यांत फरक दिसतो का ते पाहा. दिसला तर तो कागद सरपंचांना द्या. नाही दिसला तर तेही सांगा. पाणी येईल तेव्हा येईल, तोवर रांजणाला घट्ट फडके बांधता येते, आणि आजींना ते भाषण न करता पटते.

अमेरिकेत एमपीएचच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी काउन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ ही संस्था असाच कागद मागते. विद्यार्थ्याने निदान पाच कौशल्ये दाखवावीत आणि जिथे काम केले त्या ठिकाणाच्या उपयोगाच्या निदान दोन वस्तू तयार करून द्याव्यात, असा तिचा निकष आहे. तिकडे शिकायला गेलेली आपली मुले यावर स्लाइडशो आणि टूलकिट करतात. इथे आशाताईंना विचारा, काय करून देऊ? उत्तर लगेच येईल. पुढच्या सत्राची ड्यू लिस्ट मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि हे अॅप मध्येच बंद पडते, तेवढी माहिती भरून द्या. झाल्या दोन वस्तू.

अपमान वाटून घेऊ नका. भोर समितीने १९४६ सालीच डॉक्टरांना तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे असे म्हटले होते, तेव्हा शहाण्यांना गावाकडे धाडण्याचा विचार काही नवा नाही. नवे काही केले असेल तर जामखेडला. तिथे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले, आणि बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना त्या बायका शिकवू लागल्या. आपल्या लॉगबुकात शिकवणाऱ्याच्या सहीचा रकाना असतो, पण तिथे मेडिकल ऑफिसरचीच सही चालते. आशाताईंची सही घ्यायची असेल तर समासात घ्या.

शेवटी प्रमाणपत्र. मसुदा स्वतःच टाइप करून न्या, कारण दवाखान्याच्या संगणकावर मराठी फाँट चालत नाही. 'समाधानकारक' हा शब्द घाला. 'उत्कृष्ट' लिहिले की साहेब डोके वर करून विचारतात, केलेत काय? तारीख पोस्टिंग संपल्याची टाका, आदल्या दिवसाची नव्हे. जिओटॅग फोटो काढताना नकाशात गावाचे नाव उमटले आहे ना ते पाहा. आणि शिक्का गोल घ्या. चौकोनी शिक्का आणलात तर संस्थेतले बाबू तुम्हाला परत पाठवतील. एसटी दिवसातून दोनदाच आहे, तेव्हा शिक्का सकाळीच मारून घ्या. दुपारी साहेबांची व्हीसी असते.