खटखट चालेल, टिंग नको

सोलापुरात ‘पुस्तक लिहायचंय’ म्हणणारी माणसं पावलोपावली भेटतात. निवृत्त मास्तर, बँकेतले काका, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं, घर सांभाळून कविता करणाऱ्या ताई. विषय पक्का असतो, काहींचं तर शीर्षकही ठरलेलं असतं. कुठवर आलं असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, “वेळच मिळना बे.” दोन, “एवढ्या गलक्यात कसं लिहायचं?”

ही दोन्ही उत्तरं आज तपासून घेऊ. आधी गलक्याचं बघू.

हे शहर शांत होतं तरी कधी? 1877 साली जुनी मिल सुरू झाली आणि गाव भोंग्यावर उठायला लागलं. पुढं गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले, पण पूर्व भागातली यंत्रमागांची खटखट आजही चालू आहे. कित्येकांचं घर आणि कारखाना यांच्यात एका भिंतीचं अंतर. तिथंच पोरांचा अभ्यास होतो, तिथंच म्हातारी माणसं दुपारची झोप काढतात. याच विणकरांच्या सोलापुरात डॉ. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी तेलुगू आणि मराठी अशा दोन भाषांचा संसार केला आणि आत्मचरित्राला नाव दिलं ‘एका साळियाने’. त्र्यं. वि. सरदेशमुखही इथंच राहिले. त्यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला 2003 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आवाजानं लेखन अडत असतं तर ही नावं आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

मिरवणुकीतल्या डीजेची गोष्ट वेगळी. छाती हादरवणाऱ्या त्या आवाजाचं समर्थन मी करणार नाही. त्याच्याविरुद्ध भांडलंच पाहिजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे, तो पाळायला लावला पाहिजे. पण ते वर्षातले काही दिवस झाले. उरलेल्या दिवसांत आपल्याला कोण अडवतं?

टेबलावरचा फोन अडवतो.

मागाची खटखट तुम्हाला हाक मारत नाही. तिला तुमच्याकडून काही नको असतं, ती तिच्या कामात असते, तुम्ही तुमच्या. फोनची टिंग मात्र तुमचं नाव घेऊन येते. कुणीतरी फोटो टाकला, बघा. कुणीतरी विचारलं, उत्तर द्या. कुणाचा तरी वाढदिवस आहे, केक आणि फुलं पाठवा. आवाज म्हणून टिंग काहीच नाही, पण तिच्यात मागणी आहे. लेखन आवाजानं मोडत नाही, मागणीनं मोडतं. आणि मागणीला ‘आत्ता नाही’ म्हणायची आपली सवय गेली आहे.

एखाद्या कारखान्यात मागाशेजारी पाच मिनिटं उभं राहून बघा. ताण्यात शेकडो धागे एकमेकांना खेटून सरळ धावत असतात. त्यातला एक तुटतो. कामगार लगेच माग थांबवतो, झुकतो, तुटलेलं टोक बोटांनी शोधून काढतो, गाठ मारतो, धागा फणीतून ओवून घेतो आणि मग माग पुन्हा चालू करतो. निष्णात हात असले तरी तेवढा वेळ जातोच. वर, माग जिथं थांबून पुन्हा सुरू झाला तिथं कापडावर बारीक आडवी रेघ उमटू शकते. पारखी गिऱ्हाईक चादर उजेडात धरतं ते ही रेघ बघायलाच.

लिहिताना फोनकडे वळलेली नजर म्हणजे हा तुटलेला धागा. निरोप वाचायला दहा सेकंद लागले म्हणून दहाच सेकंद गेले असं होत नाही. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 साली हेच मांडलं : एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो आणि नव्या कामाला पूर्ण मन मिळत नाही. निरोप वाचून तुम्ही वहीकडे परतता, मन तिकडेच राहतं. पुढचं वाक्य हाताला लागत नाही. लागलं तर आधीच्या वाक्याशी जुळत नाही. वाचणाऱ्याला ही रेघ बरोबर दिसते. “मधेच काहीतरी तुटल्यासारखं वाटतं,” असं तो म्हणतो. तिथं खरोखरच तुटलेलं असतं.

आता दुसरं उत्तर, वेळेचं.

नोकरी सांभाळून लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापूरचे. 1932 साली इथं जन्मले, इथंच शिकले आणि वनखात्यात गेले. छत्तीस वर्षं नोकरी केली. 2006 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, तेव्हा अध्यक्षपदी हाच आपला माणूस होता. शेवटची वर्षं त्यांनी सोलापुरातच काढली. 2025 साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ‘रानवाटा’, ‘जंगलाचं देणं’, ‘पक्षिकोश’, ‘चकवाचांदण’ ही पुस्तकं उभी आहेत ती रानात लिहिलेल्या नोंदींवर. कुठला पक्षी कधी दिसला, घरटं कशाचं होतं, त्या झाडाला तिथले आदिवासी काय म्हणतात, हे ते वहीत टिपत गेले. आदिवासी आणि मासेमार यांच्या तोंडचे शेकडो शब्द त्यांनी मराठीत आणले. असे शब्द चार महिन्यांनी आठवून लिहिता येत नाहीत. ऐकले त्याच दिवशी कागदावर उतरले तरच हाताशी राहतात.

यावर लोक पटकन म्हणतात, “त्यांना जंगलातली शांतता होती हो!” हे मला मुळीच पटत नाही. वनाधिकाऱ्याच्या नोकरीत वणवे असतात, चोरटी तोड असते, शिकारी असतात, वरिष्ठांचे दौरे आणि बदल्या असतात. आणि शांततेचंच म्हणाल तर त्या जंगलांत कितीतरी अधिकारी नोकरी करून गेले. शांतता सगळ्यांच्या वाट्याला सारखीच आली. वह्या किती जणांच्या भरल्या?

इंग्लंडमधला कादंबरीकार अँथनी ट्रोलप हाही सरकारी नोकर, टपालखात्यातला. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ ठेवायचा आणि पाव तासाला अडीचशे शब्द असा हिशेब स्वतःकडून वसूल करून घ्यायचा. मग कचेरीत जायचा. त्याच्या सत्तेचाळीस कादंबऱ्या आहेत. दोघांपैकी कुणालाही वेळ ‘मिळाला’ नव्हता. दोघांनी तो ठरवून बाजूला काढला.

सोलापूरकरांना हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. या गावात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाळी पहाटे असली तर अख्खं घर पहाटे उठतं. एक जण मोटर लावतो, दुसरा पिंपं भरतो, तिसरा बादल्या हलवतो. त्या तासाभरात फोन कोण बघतो? कुणीही नाही. कारण पाणी गेलं तर पुन्हा चार दिवस नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिस्त आपल्या अंगात आहे. प्रश्न एवढाच की लेखन आपल्याला पाण्याइतकं गरजेचं वाटतं का. वाटत नसेल तर तसं सरळ म्हणा, त्यात कमीपणा नाही. वाटत असेल तर वेळेवर खापर फोडू नका.

मात्र एका ठिकाणी मी हात आखडता घेतो. विड्या वळून हजारामागे मजुरी घेणाऱ्या बाईचा अर्धा तास म्हणजे रोख पैसा आहे. तिला ‘सबबी सांगू नका’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि घरातल्या बाईची अडचण फोनपुरती नसते. तिच्यासाठी घरातला प्रत्येक माणूस टिंग वाजवत असतो. “आई, मोजे कुठायत?” “अगं, चहा टाकतेस का?” “सूनबाई, दारात कोण आलंय बघ.” तिची वही मिटते ती या हाकांनी. तिनं मन एकाग्र करावं असा उपदेश नको. घरच्यांनी अर्धा तास तोंड आवरावं आणि चहा आपला आपण करून घ्यावा. ट्रोलपनंही पहाटे उठवून कॉफी आणून देणाऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा दिले, आणि आपल्या यशाचं सर्वांत मोठं श्रेय त्यालाच आहे असं लिहून ठेवलं. लिहिणाऱ्याची एकाग्रता बरेचदा दुसऱ्या कुणाच्या तरी सहकार्यावर उभी असते. हे सहकार्य पुरुषांना न मागता मिळत आलं आहे. बायकांना ते मागूनही मिळत नाही. हे बदललं पाहिजे.

बदलता येतं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 साली ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास फोन आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. एका गावाला दीड तास जमत असेल तर एका घराला अर्धा तास का जमू नये?

म्हणून थोडक्यात, करायचं ते असं. रोज एकच वेळ, एकच जागा. फोन टेबलावर उलटा ठेवायचा नाही, गप्प करून खिशातही नाही. तो दुसऱ्या खोलीत गेला पाहिजे, म्हणजे उठून जाण्याचा आळस तुमच्या बाजूनं काम करील. घरच्यांना वेळ सांगून ठेवा. मित्रांनाही सांगा की या अर्ध्या तासात मी भेटणार नाही. वाईट वाटलं तर वाटू द्या. वहीवर तारीख घाला आणि सुचो न सुचो, एक पान भरा. पान चांगलंच झालं पाहिजे असा हट्ट नको. ते दुरुस्त करायला दुसरा दिवस आहे.

आणि एक काम आजच करा. फोनवरच्या लेखनाविषयीच्या गटांमधून बाहेर पडा. सुविचार, स्पर्धांच्या जाहिराती, लेखकांचे फोटो, ‘लिहिते व्हा’ म्हणणारे निरोप, यांत तास जातो आणि लिहिल्यासारखं समाधानही मिळतं. तेच सर्वांत घातक आहे. रील बघून वेळ गेला की निदान टोचणी तरी लागते. लेखनावर बोलून गेलेला वेळ टोचतसुद्धा नाही.

या लेखाचा फोटो काढून कुणाला पाठवू नका. ‘छान लिहिलंय’ असा निरोप मलाही नको. तेवढ्या वेळात तुमच्या पाच ओळी लिहून होतील. त्या मला जास्त हव्या आहेत.