बॅफलमधल्या फटीस खुले पत्र

फटीबाई,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. ती तुझ्या बाबतीत पाळण्याचं कारण नाही. लहान विमानाच्या इंजिनाभोवती जी बॅफलची भिंत असते, तिची रबरी पट्टी, म्हणजे सील, आणि इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, यांच्यामध्ये तू जेमतेम करंगळीएवढी जागा अडवतेस. तेवढ्यावर तू सिलिंडर भाजून काढतेस, आणि बोल मात्र उन्हाळ्याला लागतो. आज तुझं नाव घेऊन, चार लोकांसमोर, तुझा हिशेब मांडायचा आहे.

आधी तू नेमकं काय चोरतेस ते सांगते. बारामती, धुळे इथल्या धावपट्ट्यांवर मुलंमुली सेस्ना १५२ किंवा १७२ सारख्या विमानांवर उडायला शिकतात. त्यातल्या लायकमिंग इंजिनाला चार सिलिंडर असतात, दोन एका अंगाला, दोन दुसऱ्या. त्याला रेडिएटर नाही आणि पाणीही नाही. पंख्यामागच्या दोन तोंडांतून हवा आत शिरते आणि इंजिनाच्या वरच्या पोकळीत तिचा दाब वाढतो. खालच्या पोकळीत दाब कमी असतो. या फरकाच्या जोरावर हवा सिलिंडरच्या बारीक फिनांमधून वरून खाली जाते आणि उष्णता घेऊन मागून बाहेर पडते. या दोन पोकळ्या वेगळ्या ठेवणारी भिंत म्हणजे बॅफल.

हा दाब किती असतो? ७५ नॉट वेगाने चढताना समोरून येणाऱ्या वाऱ्याचा सगळाच्या सगळा दाब धरला, तरी तो पाण्याच्या सुमारे ९ सेंटीमीटर उंचीएवढा भरतो. इंजिन पूर्ण ताकदीवर, वेग कमी, आणि गारव्यासाठी भांडवल एवढंच. त्यातच तू हात घालतेस. हवेला फिनांच्या अरुंद वाटेने जाण्यापेक्षा तुझ्यातून निसटणं सोपं, म्हणून ती काहीही थंड न करता सरळ खाली जाते. वरचा दाब उतरतो, खालचा चढतो. म्हणजे तू एकाच वेळी दोन्हीकडून लुटतेस. कुकरची रिंग सैल झाली तर शिट्टी होत नाही, एवढं प्रत्येक घरात कळतं. तुझ्याकडे मात्र वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

तुझ्या उद्योगाची किंमत आकड्यांत सांगते. या इंजिनांच्या सिलिंडर हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सिअस. पण इंजिनाला पुरं आयुष्य मिळावं म्हणून जोरकस क्रूझमध्ये ४३५ च्या खाली आणि काटकसरीच्या क्रूझमध्ये ४०० च्या खाली राहा, असं लायकमिंग स्वतःच सांगते. कारण हेड ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं असतं, आणि ४०० च्या पुढे त्या धातूची ताकद झपाट्याने उतरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता त्याच्या सीटमधून आणि गाइडमधून हेडमध्ये जाते. हेडच तापलेलं असेल तर तिने जायचं कुठे? मग गाइड झिजतं, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हेडला तडे जातात, डेटोनेशनचा, म्हणजे इंधन स्फोटासारखं पेटण्याचा, धोका वाढतो. जो सिलिंडर ओव्हरहॉलपर्यंत सहज टिकला असता, तो अर्ध्या वाटेवर उतरवावा लागतो.

तुला पाठीशी घालणारेही पुष्कळ आहेत. पहिला म्हणतो, काटा हिरव्या पट्ट्यात आहे. तो हिरवा पट्टा मर्यादेला जाऊन भिडतो, म्हणून त्यातली प्रत्येक जागा सुखाची ठरत नाही. शिवाय कित्येक जुन्या विमानांत हेडच्या तापमानाचा एकच सेन्सर असतो, आणि काहींत तोही नसतो. उरलेल्या सिलिंडरांचं काय चाललंय ते काटा सांगतच नाही. दुसरा म्हणतो, मे महिन्यात खानदेशात पारा ४२ वर असतो, इंजिन तापणारच. तापेल, कबूल. पण म्हणूनच त्या दिवशी हवेचा एक झोतही तुझ्या घशात जाता कामा नये. तिसरा म्हणतो, इंजिन जुनं झालं. इंजिन जुनं झालं की सील आधी कडक होतं, चिरतं, आकसतं; तू तिथेच जन्माला येतेस.

तुझे लपण्याचे अड्डेही आता जाहीर करते. काउलिंग घाईने बसवताना पट्टी उलटी दुमडली जाते. पट्टीचा कल दाबाच्या बाजूला, म्हणजे पुढे आणि आत हवा. तसा असला की हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. उलट दुमडली की तीच हवा तिला उघडते. दुसरा अड्डा सिलिंडरांच्या मधे, खालच्या अंगाला. तिथले छोटे बॅफल हवेला सिलिंडरला वळसा घालायला लावतात. सिलिंडर बदलताना ते काढले जातात आणि परत बसतात ते सैल. तिसरा अड्डा ऑइल कूलरभोवती आणि पत्र्यांच्या कोपऱ्यांत. एक मात्र न्यायाने सांगायला हवं. लायकमिंगच्या काही सिलिंडरांच्या एका बाजूला फिन फार उथळ असतात. तिथे पत्रा चिकटून बसला तर हवेची वाटच बंद होते. तेवढी जागा मोकळी ठेवावी लागते. ती मोजून, कामासाठी ठेवलेली वाट आहे. तिच्या नावावर तुला माफी नाही.

आणि हे नवीन ज्ञान आहे असंही नाही. १९२८ साली अमेरिकेत लँग्ली इथल्या नाका या संस्थेच्या प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल इंजिनाला काउलिंग चढवलं. नुसतं झाकण पुरत नाही, आत बॅफल लावून हवा तापलेल्या भागांकडे वळवावी लागते, हे त्यांनी चाचण्या घेऊन दाखवलं. त्या काउलिंगमुळे कर्टिस एटी-५ए विमानाचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ वर गेला, आणि १९२९ ची कोलियर ट्रॉफी नाकाला मिळाली. जी गोष्ट इतक्या वर्षांपूर्वी सिद्ध झाली, ती आज हँगरमध्ये दुर्लक्षित राहावी, याचा मला मनापासून राग येतो. कारण त्या एकाच इंजिनाच्या भरवशावर एखादी विद्यार्थिनी पहिल्यांदा एकटी आकाशात जाते.

तुला हाकलायला लागतं काय? सिलिकॉन रबराची नवी पट्टी, ती बसवायला थोडे रिव्हेट, कोपऱ्यांना उष्णता सोसणारं सीलंट, विमान देखभाल अभियंत्याची, म्हणजे एएमईची, सही आणि हँगरमधला काही तासांचा वेळ. एका सिलिंडरच्या खर्चापुढे हे किरकोळ आहे.

आता शेवटचं बोलणं तुझ्याशी नाही, विमानाचे मालक, एएमई आणि वैमानिकांशी आहे. काउलिंग उतरवाल तेव्हा त्याची आतली बाजू पाहा. सील जिथे टेकतं तिथे घासल्याचा काळा पट्टा सलग असला पाहिजे. तो जिथे तुटतो, तिथे फट आहे. काउलिंग लावल्यावर आत प्रखर दिवा सोडा आणि सीलच्या कडेने उजेड कुठून झिरपतो ते शोधा. प्रत्येक सिलिंडरचं तापमान दाखवणारं यंत्र बसवता येत असेल तर बसवा, आणि चढताना आकडा ४०० कडे सरकला की नाक थोडं खाली करून वेग वाढवा. आणि जी फट सापडेल ती पुढच्या उड्डाणाआधी बुजवा, पुढच्या तपासणीवर ढकलू नका.